अठरा वर्षांनी घरी आलेले पत्र

मुंबई-गोवा महामार्गावर माणगाव लागते. एस.टी. थांबते, माणसे उतरून चहा घेतात, कोणी रायगडाकडे वळतो, कोणी श्रीवर्धन-दिवेआगरच्या गाडीची चौकशी करतो. याच माणगावजवळ गांगवली नावाचे गाव आहे. १८ मे १६८२ रोजी छत्रपती संभाजी महाराज आणि येसूबाई यांना तेथे मुलगा झाला. आजोबांना जाऊन अवघी दोन वर्षे झाली होती. मुलाचे नाव आजोबांचेच ठेवले, शिवाजी. पुढे जग त्याला शाहू या नावाने ओळखू लागले, पण ते नाव घरच्यांनी ठेवलेले नव्हते.

शाहूंच्या जन्माआधी जेमतेम दोन महिने औरंगजेब बादशहा औरंगाबादेत येऊन दाखल झाला होता. दख्खन जिंकूनच परत जायचे अशा तयारीने तो आला आणि पुन्हा कधीच उत्तरेला गेला नाही. म्हणजे त्या युद्धाचे आणि या मुलाचे वय एकच. युद्ध संपले तेव्हा तोही पंचविशीला आला होता. मधल्या काळात त्याने घर पाहिले ते फक्त सात वर्षे. बाकी सारे आयुष्य शत्रूच्या छावणीत गेले. त्या छावणीतून सुटल्यावर त्याने आपल्या घरी पत्र पाठवले आणि घरच्यांनी ते खोटे ठरवले. शाहू महाराजांच्या चरित्रात पेशवे येतात, दिल्ली येते, अटकेच्या दिशेने धावू पाहणारे साम्राज्य येते. पण मला स्वतःला त्या सगळ्याहून हा पत्राचा प्रसंग मोठा वाटत आला आहे.

त्यासाठी आधी रायगडावर जायला हवे. १६८९च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले आणि ११ मार्चला त्यांना क्रूरपणे मारण्यात आले. रायगडावर येसूबाई, सात वर्षांचा मुलगा आणि धाकटे दीर राजाराम होते. नवऱ्याच्या पश्चात गादी मुलाची, असे म्हणण्याचा येसूबाईंना पुरेपूर अधिकार होता. त्यांनी ते म्हटले नाही. राजारामांना मंचकारोहण करवले. पुढे इतिकादखानाने गडाला वेढा घातला, तेव्हा सगळ्यांनी एकाच गडावर राहून एकदमच हाती सापडणे शहाणपणाचे नाही, असा विचार झाला. राजाराम एप्रिलमध्ये गडावरून निसटले आणि पुढे थेट जिंजीपर्यंत गेले. येसूबाई मुलाला घेऊन गडावर राहिल्या. राजा बाहेर, राणी आणि वारस आत. जो बाहेर आहे त्याच्याभोवती सैन्य जमेल, आत आहेत त्यांच्यासाठी शत्रू गुंतून पडेल, असा तो हिशेब. हिशेब बरोबर ठरला. त्याची किंमत कोणी भरली, हेही उघड आहे.

३ नोव्हेंबर १६८९ रोजी रायगड पडला. येसूबाई, शाहू, शाहूंचे सावत्र बंधू मदनसिंग, शिवाजी महाराजांच्या राणी सकवारबाई असे सारे कुटुंब बादशहाच्या हाती गेले. या कामगिरीबद्दल इतिकादखानाला झुल्फिकारखान हा किताब मिळाला. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण हा माणूस अठरा वर्षांनी पुन्हा येणार आहे.

औरंगजेबाने या मुलाला मारले नाही, अंधारकोठडीतही टाकले नाही. सात हजारांची मनसब दिली, राजा हा किताब दिला आणि बादशाही डेऱ्यांच्या लाल कनातीच्या आवारात, गुलालबारात, नजरेखाली ठेवले. शिवाजी हे नाव त्याला रोज उच्चारायचे नसावे. हा मुलगा साव आहे, म्हणून साऊ, शाहू, असे नाव बादशहानेच पाडले असे सांगतात. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा हिने येसूबाई आणि त्यांच्या मुलाची काळजी घेतली. ही गोष्ट शाहू महाराज जन्मभर विसरले नाहीत. ज्याने वडिलांना मारले त्याच्या मुलीने आपल्याला मायेने वागवले, हे मनात एकत्र ठेवून ज्याला वाढावे लागले, त्याचा स्वभाव सरळ सोपा कसा असेल? पुढे राजा झाल्यावर शाहूंचे मोगलांशी वागणे काही जणांना बोटचेपे वाटले. मला त्यात गुलालबारातले ते बालपण दिसते.

मोगल दरबाराच्या इतिहासात एक नोंद आहे. कैदेत असलेल्या हिंदूने शिजवलेले अन्न खाऊ नये, या समजुतीने शाहू मिठाई, फळे असलेच काहीबाही खाऊन राहत. त्यांचा रंग पिवळा पडला. बादशहाच्या कानावर हे गेले, तेव्हा तुम्ही कैदेत नाही, आपल्याच घरी आहात, नीट जेवत जा, असा निरोप त्याने पाठवला. आता याला काय म्हणावे? निरोप मायेचा आहे यात शंका नाही. पण कोण कोणाला हे घर तुझे म्हणून सांगत होता! ज्याचे घर मोडले त्याला मोडणाऱ्याने दिलेला तो दिलासा होता. जेवणाची ही गोष्ट पुढे कामाची आहे, म्हणून इथे सांगून ठेवली.

छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला पडली, तिथून गडागडांच्या पायथ्याशी फिरली. मूल मोठे झाले. छावणीतच शाहूंची दोन लग्ने झाली, एक जाधवांच्या घराण्यात आणि एक कण्हेरखेडच्या शिंद्यांकडे. १७०३च्या सुमारास धर्मांतराचे संकट उभे राहिले. ते टळले, पण फुकट टळले नाही. प्रतापराव गुजरांचे मुलगे खंडेराव आणि जगजीवन यांनी शाहूंच्या ऐवजी स्वतः धर्म बदलला. राजघराण्याचा इतिहास लिहिताना अशा माणसांना एकदोन ओळी मिळतात. त्यांच्या घरी त्या रात्री काय झाले असेल, याची एक कादंबरी होईल. असो.

इकडे घरी काय चालले होते? राजाराम महाराजांनी जिंजीहून परत येऊन लढा चालवला आणि मार्च १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचे निधन झाले. त्यांच्या एका पत्रात त्यांनी पुतण्याविषयी लिहून ठेवले होते. आशय असा की, मूळ धनी तोच, देव त्याला कधी ना कधी देशी आणील, आपण करतो ते त्याच्याचसाठी. पण राजाराम गेले आणि ताराबाईंनी आपल्या चार वर्षांच्या मुलाला गादीवर बसवून कारभार हाती घेतला. या मुलाचे नावही शिवाजी. एकाच आजोबांचे नाव लावणारे दोन नातू, एक पन्हाळ्याकडे, एक बादशहाच्या डेऱ्यात.

ताराबाईंवर आपल्याकडे दोन्ही टोकांनी लिहिले गेले आहे. मला त्या फार मोठ्या बाई वाटतात. हंबीरराव मोहित्यांची ही लेक पंचविशीत विधवा झाली आणि आलमगिराशी सात वर्षे लढली. बादशहा एक गड घेई, तो पुढच्या गडाकडे वळला की मराठे मागचा परत घेत. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे करत तो म्हातारा थकला. हे सारे ज्या बाईंनी केले त्यांना, आता उठा, मालक येत आहेत, असे सांगणारे पत्र येणार होते. ते त्यांनी आनंदाने डोक्याला लावावे अशी अपेक्षा करणे हा शुद्ध भाबडेपणा आहे.

शिवाय आणखी एक गोष्ट घडून गेलेली होती. १७०६च्या आरंभी औरंगजेबाने शाहूंना झुल्फिकारखानाच्या स्वाधीन केले. रायगड घेणारा तोच हा खान. मराठे सरदार आता तलवारीने वाकत नाहीत, तर राजपुत्राला पुढे करून फोडावेत, असा बेत होता. शाहूंच्या नावाने सरदारांना गोडीगुलाबीची पत्रे लिहून पाठवली गेली, येऊन मिळा म्हणून. कोणी भुलले नाही. पण शाहूंचे नाव असलेल्या पत्राची पत त्या दिवशीच गेली. माझ्यासारख्या बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला यातली मेख पटकन कळते. एकदा एखाद्या सहीचा कागद दुसऱ्याच्या हातून फिरला की पुढे खरी सही आली तरी कारकून ती भिंगातूनच पाहतो.

३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरच्या छावणीत औरंगजेब वारला. पंचवीस वर्षांचे युद्ध संपले, आणि जिंकले कोणीच नाही. बादशहाचा मुलगा आझमशहा दिल्लीचे तख्त मिळवायला घाईने उत्तरेकडे निघाला, कारण मोठा भाऊ तिकडून त्याच तख्तासाठी येत होता. शाहू आणि त्यांचे कुटुंब या लष्कराबरोबर फरफटत नर्मदेपार गेले. दख्खन मागे मोकळे पडले होते. मराठ्यांना आपसात गुंतवून ठेवायचे तर शाहूंना सोडणे हा स्वस्तातला उपाय होता. झुल्फिकारखानाने तो सुचवला. मे महिन्यात भोपाळजवळ दोराहा येथे शाहू मोकळे झाले. दख्खनच्या सहा सुभ्यांतील चौथाई आणि सरदेशमुखीचे आश्वासन त्यांना मिळाले, असे सांगितले जाते.

मात्र सुटले ते एकटे शाहू. आई येसूबाई, पत्नी सावित्रीबाई, भाऊ मदनसिंग यांना ओलीस म्हणून मागे ठेवून घेतले. आमच्या भाषेत याला तारण म्हणतात. रायगडावर येसूबाईंनी दिराला जाऊ दिले आणि आपण मागे राहिल्या. आता मुलाला जाऊ दिले आणि पुन्हा मागे राहिल्या. मायलेकांच्या त्या निरोपाचे वर्णन कोणी लिहून ठेवलेले नाही. लिहिले असते तरी ते वाचवले नसते.

शाहूंबरोबर फार तर साठसत्तर माणसे होती. त्यात जोत्याजी केसरकरांसारखे कैदेच्या दिवसांतले विश्वासू होते. तापी ओलांडून ही मंडळी खानदेशात आली आणि धुळ्याजवळ लामकानी येथे थांबली. इथून पत्रे गेली. चुलती ताराबाईंना गेले, ठिकठिकाणच्या सरदारांना गेले. मजकुराचा सारांश सरळ होता. आम्ही सुटून आलो आहोत, वडिलार्जित राज्याचा सांभाळ करायला येत आहोत, सर्वांनी येऊन भेटावे.

हे पत्र घेऊन जासूद निघाला असेल, तेव्हा त्या तरुणाच्या मनात काय असेल याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. ज्या घराला तो लिहीत होता त्या घराचा त्याला नकाशाही ठाऊक नव्हता. काका गेलेले, चुलत भाऊ न पाहिलेला, चुलती पाहिली ती सातव्या वर्षी. राजधानीचा रायगड जंजिऱ्याच्या सिद्दीच्या ताब्यात. तो ज्यांना आपले म्हणत होता, त्यांच्यातल्या एकाचाही मोठेपणीचा चेहरा त्याने पाहिलेला नव्हता. आणि त्यांनी याचा.

ताराबाईंनी उत्तर दिले ते दुहेरी होते. एक म्हणजे, आलेला माणूस शाहू नव्हेच, तो तोतया आहे. दुसरे, शाहू असला तरी राज्यावर त्याचा हक्क नाही. थोरल्या महाराजांनी मिळवलेले राज्य संभाजी महाराजांच्या वेळी गेले, आज आहे ते राजाराम महाराजांनी नव्याने कमावलेले आहे. सप्टेंबर १७०७ मधील त्यांच्या पत्रात हा दुसरा मुद्दा स्पष्ट मांडलेला आढळतो. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर हा मुद्दा तोतयेपणाच्या आरोपापेक्षा जास्त वजनदार आहे. पण माणसे कायद्याने कमी आणि रक्ताने जास्त चालतात, हे ताराबाईंना पक्के ठाऊक असावे. म्हणून आधी रक्तावरच शंका घेतली. सरदारांना दूधभातावर हात ठेवायला लावून शपथा घेतल्या.

बँकेत दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांची रांग लागते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. समोर धडधडीत माणूस उभा असतो, आणि तो जिवंत असल्याबद्दल त्याच्याकडूनच कागद घ्यायचा. म्हातारे वैतागतात, मी समोर उभा आहे हे दिसत नाही का, म्हणतात. काउंटरमागून मला ते हास्यास्पद वाटे, पण नियमामागची भीतीही कळे. शाहूंची अडचण याच्या बरोबर उलटी होती. त्यांच्याजवळ कागद होता, तो कोणी मानीना. त्यांना स्वतःलाच दाखला म्हणून उभे राहावे लागणार होते, आणि ओळखणारा कोणी तरी साक्षीदार हवा होता.

तो परसोजी भोसल्यांच्या रूपाने मिळाला. वऱ्हाडाकडचे हे मातबर सरदार, पुढच्या नागपूरकर भोसल्यांचे मूळ पुरुष. ते फौजेनिशी लामकानीला आले. घराणे भोसल्यांचेच. त्यांनी शाहूंना पाहिले, बोलले, आणि सर्वांसमक्ष त्यांच्याबरोबर एका ताटात जेवले. संशय तिथे मिटला. त्या काळी तोतयाबरोबर, जातकुळी न जाणता, एका ताटात कोणी जेवणार नव्हता, आणि परसोजींसारखा माणूस तर नाहीच. छावणीत पिवळा पडेपर्यंत शिजवलेल्या अन्नाला न शिवणाऱ्या मुलाची ओळख शेवटी जेवणाच्या ताटावर पटली. इतिहासकार या जेवणाला राजकीय साक्ष म्हणतात. ते आहेच. पण कित्येक वर्षांनी आपल्या भाऊबंदाच्या ताटात हात घालताना शाहूंना घास गिळता आला असेल का, असे मनात येते.

परसोजींपाठोपाठ चिमणाजी दामोदर, नेमाजी शिंदे, हैबतराव निंबाळकर अशी माणसे येत गेली. वाटेत पारद गावी तिथल्या लोखंडे पाटलांनी अडवले. झटापट झाली आणि पाटील मारले गेले. त्यांच्या बायकोने तान्हे मूल आणून शाहूंच्या पायांवर घातले. शाहूंनी ते उचलले, फत्तेसिंग नाव दिले आणि पोटच्या मुलासारखे वाढवले. अक्कलकोटच्या राजघराण्याचा हा मूळ पुरुष. वडिलांना मारणाऱ्याच्या घरात वाढणे म्हणजे काय, हे त्या मुलाला उचलणाऱ्याइतके दुसऱ्या कोणाला माहीत होते?

शाहू दक्षिणेकडे सरकत होते. मोगलांच्या इतिहासात लिहिले आहे की वाटेत त्यांनी औरंगजेबाच्या कबरीचे दर्शन घेतले. हे ऐकून त्या वेळीही कोणाकोणाच्या कपाळावर आठ्या चढल्या असतील.

ताराबाईंनी परशुरामपंत प्रतिनिधी आणि सेनापती धनाजी जाधव यांना फौज देऊन पाठवले. धनाजींच्या मनात मात्र खरे-खोटे घोळत होते. शहानिशा करायला खंडो बल्लाळ चिटणीस शाहूंकडे गेले. हे नाव वाचताना थांबावेसे वाटते. चिटणीस म्हणजे पत्रे लिहिण्या-वाचण्याच्या धंद्यातला माणूस. त्याची हयात अक्षर, वळण, शिक्का ओळखण्यात गेलेली. अशा माणसालाही पत्रावर विसंबता आले नाही, स्वतः जाऊन तोंड पाहावे लागले. आणि त्याचे वडील बाळाजी आवजी यांना शाहूंच्या वडिलांनी देहान्त शिक्षा दिली होती. सूड घ्यायचाच तर खंडो बल्लाळांना मान हलवून नाही म्हणणे पुरले असते. त्यांनी परत येऊन हाच खरा शाहू असे सांगितले.

१२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेकाठी खेड येथे, म्हणजे आजच्या राजगुरुनगरजवळ, दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. लढाई म्हणावी अशी झालीच नाही. धनाजी जाधव शाहूंना मिळाले, प्रतिनिधी साताऱ्याकडे मागे हटले. सातारा घेतला गेला आणि १२ जानेवारी १७०८ रोजी शाहूंना राज्याभिषेक झाला. ताराबाई पन्हाळ्याला गेल्या, आणि मराठ्यांच्या एका गादीच्या दोन झाल्या. झुल्फिकारखानाने पेरले ते उगवले होते. फक्त पीक मोगलांना कापता आले नाही.

एवढ्यावर पत्राची गोष्ट संपत नाही. गादीवर बसल्यावरही पाचसहा वर्षे शाहूंच्या पत्रांना सगळीकडून होकार आला नाही, आणि सर्वांत मोठा नकार आला तो त्यांच्या जन्मभूमीकडून, कोकणच्या किनाऱ्यावरून. कुलाब्याचे कान्होजी आंग्रे, सरखेल, ताराबाईंच्या बाजूचे होते. (१९८१ साली रायगड हे नाव घेतलेला आपला जिल्हा तोवर कुलाबा याच नावाने ओळखला जाई.) समुद्रावर इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी या तिघांना पुरून उरलेला हा दर्यावर्दी घाटावरच्या नव्या राजाला जुमानीना. १७१३ मध्ये त्यांनी लोहगड घेतला आणि शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले. साताऱ्याला धोका उभा राहिला.

तेव्हा शाहूंनी याच किनाऱ्यावरचा दुसरा माणूस पुढे केला. श्रीवर्धनच्या देशमुखी घराण्यातले बाळाजी विश्वनाथ भट. सिद्दीच्या जाचाने गाव सोडून घाटावर आलेले, धनाजी जाधवांकडे कारकुनी करून वर चढलेले, हिशेबात पक्के. घोड्यावर बसण्यात त्यांचा हातखंडा नव्हता असे सांगतात. १७ नोव्हेंबर १७१३ रोजी मांजरीच्या मुक्कामी त्यांना पेशवेपद मिळाले. आंग्र्यांशी लढायला निघालेल्या या पेशव्याने लढाई केलीच नाही. बोलणी केली. सिद्दी दोघांचाही वैरी आहे हे कान्होजींना पटवले असणार. दहा किल्ले, सोळा लहान गढ्या आणि सरखेलपद कान्होजींकडे राहिले, पिंगळे सुटले, आणि किनारा शाहूंचा झाला. किनाऱ्यावरच्या माणसाला समजवायला किनाऱ्यावरचाच माणूस लागतो. शाहूंना हे कळले, यात त्यांचे निम्मे राज्य आहे.

शाहूंवर आरोप केला जातो की ते स्वतः फार लढले नाहीत, पेशव्यांवर सोडून दिले, शिकार, कुत्री, बागा यांत रमले. त्यांच्या पत्रांतून झाडांची कलमे, पाखरे, चांगली कुत्री यांची मागणी सापडते हे खरे. सातारजवळ संगम माहुलीला त्यांच्या खंड्या कुत्र्याची समाधी लोक आजही दाखवतात. पण माणसे निवडण्याची नजर आणि निवडलेल्यावर भरवसा टाकण्याची छाती, हे त्या गादीवर आधी आणि नंतर फार थोड्यांकडे होते. ज्याच्यावर स्वतः कोणी भरवसा ठेवीना, त्याला भरवशाची किंमत कळली असावी.

एक काम मात्र राहिलेले होते. आई.

दोराहाला ज्या आझमशहाने शाहूंना सोडले, तो महिन्या-दीड महिन्यातच आग्र्याजवळ जाजाऊच्या लढाईत मारला गेला. म्हणजे वचन देणारा गेला आणि तारण मात्र नव्या धन्याच्या ताब्यात गेले. नवा बादशहा बहादूरशहा याने १७०९ मध्ये ताराबाई आणि शाहू दोघांचेही वकील ऐकून घेतले आणि आधी आपसात निकाल लावा, मग सनदा पाहू, असा पवित्रा घेतला. येसूबाई दिल्लीतच राहिल्या. बादशहा बदलत गेले. शाहूंच्या दरबारी सण झाले, अभिषेक झाले, नवे सरदार आले. राजमातेची जागा रिकामी होती.

१७१८ साली सय्यद बंधूंना दिल्लीत फर्रुखसियर बादशहाविरुद्ध मराठ्यांची मदत हवी होती. बाळाजी विश्वनाथांनी करार केला तेव्हा चौथाई आणि सरदेशमुखीच्या कलमांबरोबर एक घरगुती कलम घातले, महाराजांचे कुटुंब परत द्यायचे. मराठी फौज दिल्लीत गेली. १७१९च्या फेब्रुवारीत तिथे दंगा उसळला आणि रस्त्यांवर शेकडो मराठे मारले गेले. बादशहा पदच्युत झाला. मार्चमध्ये सनदा हाती पडल्या. आणि ४ जुलै १७१९ रोजी येसूबाई साताऱ्यात पोहोचल्या.

रायगड सोडल्याला तीस वर्षे होत आली होती. मुलाला निरोप देऊन बारा. पंचवीस वर्षांचा सोडलेला मुलगा सदतिशीचा राजा होऊन समोर आला. त्या भेटीत कोणाला दूधभातावर हात ठेवावा लागला नाही, की चिटणीस पाठवावा लागला नाही. चौथाईच्या सनदेने मराठ्यांचे राज्य किती वाढले याचे हिशेब पुस्तकांत आहेत. त्या जुलैच्या पावसात साताऱ्याच्या वेशीतून आत आलेल्या पालखीचे मोल कोणत्या खात्यात मांडायचे?

रायगड परत यायला आणखी चौदा वर्षे लागली. सिद्दीविरुद्धच्या मोहिमेत १७३३च्या जून महिन्यात तो मराठ्यांच्या हाती आला. सातव्या वर्षी आईचे बोट धरून जो मुलगा त्या गडावरून उतरला, तो तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता.

आणि ताराबाई? वारणेच्या मोहिमेत, १७३०च्या सुमारास, त्या शाहूंच्या हाती लागल्या. त्यांनी कोल्हापुरास परत जाण्याऐवजी साताऱ्यासच राहायचे ठरवले. ज्या पुतण्याला तोतया म्हटले त्याच्याच राजधानीत ही चुलती जवळजवळ वीस वर्षे राहिली. शाहूंनी त्यांचा मान ठेवला. शेवटी शेवटी शाहूंना मूल नाही, वारस कोण, हा प्रश्न आला, तेव्हा ताराबाईंनी सांगितले की माझा एक नातू लपवून वाढवलेला आहे, रामराजा. कोणी पाहिलेला नाही असा हा मुलगा खरा की खोटा, अशी कुजबुज दरबारात सुरू झाली. सर्वांत जास्त संशय घेण्याचा अधिकार होता शाहूंना. त्यांनी चुलतीच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि त्या मुलाला गादी द्यायचे ठरवले. १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यात शाहू महाराज वारले.

वर्ष पुरे व्हायच्या आत ताराबाईंचे रामराजाशी बिनसले. १७५०च्या नोव्हेंबरात त्यांनी त्याला सातारच्या किल्ल्यावर कैद केले आणि हा माझा नातू नव्हे, तोतया आहे, असे जाहीर केले. पुढे दोन वर्षांनी जेजुरीच्या खंडोबासमोर त्यांनी तशी शपथही घेतली.